पाणीवाल्याचे फुकट प्रेक्षक

आमच्या घरी रोज दुपारी अडीच वाजता एक माणूस टीव्हीवर येतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने कुणा भलत्याचंच अंगण धुतो. अंगण खरं नसतं, पाणी खरं नसतं, घाणही खरी नसते. माणूस मात्र खरा आहे, आणि त्याच्याकडे बघत बसणाऱ्या आम्ही दोघीही खऱ्या. एक मी, सुरतेतल्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई, ज्यांचं वय आधार कार्डावर एक आहे आणि त्यांच्या बोलण्यात दुसरं, पण दोन्हीकडून पंचाहत्तरीच्या पुढचं.

सुरुवात कीर्तनाने झाली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सासूबाईंना जिना बंद केला. आमचं घर भेस्तानात तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बिल्डरच्या माहितीपत्रकात. त्यामुळे ज्या बाईला सगळी सोसायटी तिच्या चपलांच्या आवाजावरून ओळखायची, ती एका खुर्चीत आली. मी त्यांना दुपारी कीर्तन लावून द्यायचे आणि आत पुस्तक घेऊन पडायचे. एके दिवशी कीर्तन संपलं आणि टीव्हीने आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावलं. अर्ध्या तासाने मी बाहेर आले, तर सासूबाई खुर्चीच्या कडेला सरकून बसलेल्या आणि समोर शेवाळलेल्या दगडावर पाण्याची धार. मी रिमोट उचलला.

"थांब वं," त्या म्हणाल्या. "त्याचा जिना राहिलाय."

हा व्हिडिओ गेम आहे, एक जण घरी बसून खेळतो आणि बाकीचे त्याच वेळी आपापल्या घरी बसून त्याला बघतात, असं मी त्यांना चौथीच्या वर्गाला समजावतात तसं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मालिकेतली सून खरी असते का? मी नाही म्हटलं. तरी लोक बघतात ना, असं त्या म्हणाल्या. इथे निदान शेवटी काहीतरी स्वच्छ तरी होतं. मी रिमोट खाली ठेवला.

त्यांना एकच गोष्ट खटकायची, ती म्हणजे पाणी. आमच्याकडे नळाला सकाळी ठरलेल्या वेळी पाणी येतं, तेवढ्यात जे भरलं ते आपलं. दोन तांब्यांत चार ताटं विसळणाऱ्या बाईला हा माणूस एका कुंडीवर पाऊण तास धार धरून बसलेला बघवेना. पहिला आठवडा त्या "नळ बंद कर म्हणावं" असं म्हणत राहिल्या. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं, की त्याची टाकी कधी रिकामी होत नाही. तेव्हापासून त्या त्याच्याकडे जरा आदराने बघू लागल्या. 'पाणीवाला' हे नाव त्यांनीच दिलं. त्याच्या चॅनेलचं खरं नाव इंग्रजी आहे आणि त्यात रक्ताचा उल्लेख आहे. त्याला मुळात लढायांचे खेळ खेळायचे असावेत. लोकांनी त्याला अंगणं धुवायला लावली.

आम्ही त्याला फुकट बघतो. हे मी आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण पाणीवाला स्वतः ते दर दहा मिनिटांनी स्पष्ट करतो. त्याच्या दुनियेत दोन प्रकारची माणसं आहेत: महिन्याची वर्गणी भरणारे सभासद, आणि 'हमारे फ्री वाले दोस्त'. हे शब्द तो ज्या प्रेमळ सुरात म्हणतो, त्या सुरात आमच्या शाळेचे मुख्याध्यापक 'आपले मागच्या बाकावरचे विद्यार्थी' म्हणायचे.

फुकट्यांना जाहिराती असतात. सभासदाचं अंगण सलग धुतलं जातं. आमचं मधेच थांबतं आणि कुणीतरी आम्हाला कर्ज देऊ करतं, नाहीतर प्लॉट. मला आधी याचा राग यायचा. सासूबाईंनी त्याचं वेळापत्रक केलं. पहिल्या जाहिरातीला कुकर, दुसरीला गॅलरीतले कपडे, तिसरी लांबलचक येते तेव्हा त्यांचे गुडघ्याचे व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्यांनी कुणाच्याही सांगण्यावरून केले नव्हते. ते जाहिरातदारांनी करून घेतले. फिजिओथेरपिस्ट बाई तब्येतीत सुधारणा बघून स्वतःवर खूश झाल्या आणि मी त्यांचा भ्रम मोडला नाही.

सभासद झालं की मात्र थाट असतो. पडद्यावर फटाके फुटतात, तुतारी वाजते, पाणीवाला हातातला पाइप खाली ठेवतो आणि नव्या सभासदाचं नाव घेऊन त्याचे आभार मानतो. सभासदांतही पायऱ्या आहेत. वरच्या पायरीच्या माणसाच्या नावापुढे हिरा चमकतो. इतकी वर्षं हिऱ्यांच्या शहरात राहून आमच्या घरात चमकलेला हा पहिला हिरा, तोही दुसऱ्याच्या नावापुढे. मला हे सगळं ओळखीचं वाटायचं. आमच्या शाळेला एका शेठनी पाण्याचा कूलर दिला होता आणि त्यासोबत कूलरपेक्षा मोठी संगमरवरी पाटी. कूलर दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडला. पाटी अजून आहे. मुलं तिला टेकून डबा खातात, कारण ती गार असते.

तर फुकट बघण्यात मला काही कमीपणा वाटत नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. सासूबाईंचं तत्त्व त्याहून सोपं होतं. रस्त्यावर जेसीबी खड्डा खणत असला की आपण उभं राहून बघतो, त्याचे कुणी पैसे देतं का?

अडचण एकच होती, ती म्हणजे कोपरा.

या खेळात प्रत्येक वस्तू पूर्ण स्वच्छ झाली की 'टिंग' असा आवाज होतो. पायरीला टिंग, कठड्याला टिंग. सासूबाई टिंगसाठी जगत होत्या म्हटलं तरी चालेल. पण पाणीवाल्याची सवय अशी, की समोरचं झकास धुवायचं आणि कुठेतरी पन्हळीच्या मागे बोटभर काळं ठेवून पुढे जायचं. मग टिंग होत नाही. मग तो गोंधळतो, सगळीकडे हिंडतो, 'कहाँ रह गया यार' म्हणतो. सासूबाईंना ते कुठे राहिलंय हे केव्हाच दिसलेलं असतं.

ही नजर त्यांनी कमावलेली आहे. सासरे नंदुरबारकडून सुरतेत आले ते पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागले, आणि सासूबाई घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या. भरतकाम झालेल्या साडीच्या उलट बाजूला सुटे धागे लोंबत असतात, ते बारीक कात्रीने छाटायचे. गठ्ठ्यात एका साडीत एक धागा राहिला तरी ठेकेदार सगळा गठ्ठा परत पाठवायचा. तीस वर्षं हे काम केलेल्या बाईपुढे बोटभर काळं लपत नाही.

त्या टीव्हीला सांगायच्या. डावीकडे, अरे डावीकडे, नळीच्या पाठीमागे. तो उजवीकडे जायचा. सांगण्याची सोय होती, पडद्याच्या बाजूला लोकांचे निरोप सरसर वर जात असत, पण तिथे लिहायची परवानगी फक्त सभासदांना. सभासद तिथे बदाम आणि हसरे चेहरे टाकायचे. कोपऱ्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. सत्काराच्या सभेत असंच असतं.

माझे यजमान हजिऱ्याच्या एका कारखान्यात आहेत. पहिली पाळी करून साडेतीनला कंपनीच्या बसने येतात, आणि आल्याबरोबर त्यांना आईची ही तगमग बघायला मिळायची. एक दिवस त्यांनी मोबाइल काढला आणि म्हणाले, भरून टाकतो वर्गणी, महिन्याभराच्या दुधाएवढीसुद्धा नाही.

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

"चूक त्याची," त्या म्हणाल्या, "आणि ती दाखवायचे पैसे मी देऊ?"

प्रकरण तिथे मिटलं होतं. मग एका दुपारी फटाके फुटले. नेहमीपेक्षा जास्त फुटले, तुतारी दोनदा वाजली. पाणीवाला ओरडून सांगू लागला, की एका उदार सभासदाने प्रेक्षकांतल्या पाच जणांना एकेका महिन्याचं सभासदत्व भेट दिलं आहे. त्या उदार माणसाच्या नावाच्या जागी काही अक्षरं आणि आकडे होते, आणि चित्रात एक मांजर. भेट कुणाला मिळणार हे यंत्र ठरवतं. टीव्हीवर एक चौकट आली आणि त्यात माझं खातं निघालं: जास्वंदीच्या फुलाचा फोटो आणि त्यापुढे नवाकोरा बिल्ला.

मी 'नको' असं बटण शोधू लागले. फुकटेपणा हे माझं तत्त्व होतं आणि ते असं मांजरीच्या हातून जाऊ देणं मला बरं वाटेना. पण सासूबाईंनी मला थांबवलं. कुणी काही देत असेल तर दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं असतं. यंत्राला दोनदा नको म्हणायची सोयच नव्हती. एकदा नको म्हटलं की ते कायमचं नको. हा उद्धटपणा झाला असता. म्हणून आम्ही घेतलं.

पहिल्या आठ दिवसांत जे कोपरे धुतले गेले, ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. सासूबाई बोलायच्या आणि मी मोबाइलवर हिंदीत टंकायचे. 'पन्हळीच्या मागे, डावीकडे.' पाणीवाला वाचायचा, जायचा, टिंग. 'बाकाच्या खालचा पाय.' टिंग. तो थक्क झाला. त्याने माझ्या जास्वंदीला 'ईगल आय आंटी' अशी पदवी दिली. मी सासूबाईंना अर्थ सांगितला, तर त्या म्हणाल्या, घार तर घार, पण त्याला म्हणावं आधी वरून धुवायला सुरुवात कर, खालून कशाला करतोस, घाण परत खाली येते.

नवव्या दिवशी त्या गप्प झाल्या. कोपरा दिसत असून सांगेनात. मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्या मांजरवाल्याला काय दिलं आपण?"

मी म्हटलं, पहिल्याच दिवशी धन्यवाद लिहिले होते की.

"धन्यवाद म्हणजे भांडं घासून परत देणं झालं," त्या म्हणाल्या. "रिकामं भांडं कसं द्यावं?"

इथे भांड्यांबद्दल सांगायला हवं. शेजारून वाटीत काही आलं, तर ती वाटी रिकामी परत जात नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आमच्या सासूबाईंच्या लेखी हा रिवाज नाही, हा माणूस असण्याचा पुरावा आहे. आमच्या मजल्यावर स्टीलचा एक डबा बारा वर्षं फिरतो आहे. त्यावर कोरलेलं नाव घासून गेलंय, तो मुळात कुणाचा हे आता कुणालाच माहीत नाही, पण तो गुजराती घरांतून हांडवा घेऊन येतो आणि आमच्याकडून कळण्याची भाकरी घेऊन जातो, आणि रिकामा असा कुणी त्याला बघितलेला नाही.

याची मुळं जुनी आहेत. सुरतेत आले तेव्हा त्यांच्याकडे एकच खोली होती आणि शेजारच्या गुजराती बाईने पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी वाटीभर कढी आणून दिली. वाटी परत करायची तर घरात साखर नव्हती, गूळ नव्हता, दुसऱ्या दिवशीचं पीठ तेवढं होतं. सासूबाईंनी ती वाटी रात्रभर घरात ठेवली नाही. कापलेल्या धाग्यांना गाठी मारून एक घट्ट, सगळ्या रंगांचा गुंडा वळला आणि वाटीत ठेवून नेऊन दिला. त्या बाईने पुढे कित्येक महिने पुड्या त्याच धाग्याने बांधल्या. ही गोष्ट त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच सांगितली होती, बहुधा सूचना म्हणून.

तर आता प्रश्न असा होता, की भांडं घरात आलंय, देणारी मांजर आहे, आणि महिना संपायला वीस दिवस आहेत. महिना संपला की सभासदत्व संपणार, लिहिणं बंद होणार, मग त्याला गाठणार कुठे? मी म्हटलं, त्याने कुणाला दिलं हे त्यालाही माहीत नसेल, यंत्राने वाटलं. त्या म्हणाल्या, आपल्याला माहीत आहे ना.

त्यांनी बिबड्या करायचं ठरवलं. आमच्याकडचे ज्वारीचे पापड ते. तीन दिवस ज्वारी भिजवायची, मग दळायची, शिजवायची, ओल्या कापडावर थापायची आणि गच्चीवर वाळवायची. गच्ची दोन मजले वर, म्हणून हे वाळवण मी केलं, आणि त्यांनी खालून खुर्चीत बसून सूचना दिल्या. तयार झालेल्या बिबड्या त्यांनी एकेक उजेडात धरून तपासल्या. चिरलेल्या बाजूला काढल्या, त्या आम्ही खाल्ल्या. अखंड होत्या त्या डब्यात भरल्या. डबा अर्थात तो फिरता नाही, नवा आणला.

राहिला पत्ता. बावीस वर्षं मी मुलांना पत्रलेखन शिकवलं आहे: मायना, मजकूर, पत्ता. पत्ता विचारण्यात काही गैर असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणीवाला एक बस धूत असताना मी सगळ्यांसमोर, चांगल्या हिंदीत, मांजरवाल्याला उद्देशून लिहिलं, की आपण दिलेल्या भेटीबद्दल घरचे पापड पाठवायचे आहेत, तरी आपलं पूर्ण नाव, घरचा पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर कळवावा.

निरोपांचा ओघ थांबला. इतका वेळ बदाम टाकणारी माणसं एकदम गंभीर झाली. एकाने लिहिलं, असेच एकाच्या खात्यातून पैसे गेले. दुसऱ्याने लिहिलं, हे लोक आधी आंटी बनून येतात. मांजरवाल्याने बऱ्याच वेळाने सभ्यपणे लिहिलं, माफ कीजिए, मैं ऐसे पता नहीं देता. आणि मग निरोपांवर लक्ष ठेवायला पाणीवाल्याने नेमलेला जो कुणी होता, ज्याला मी मनातल्या मनात मॉनिटर म्हणायचे, त्याने लाल अक्षरांत जाहीर केलं, की खाजगी माहिती मागितल्याबद्दल जास्वंदीला चोवीस तास गप्प करण्यात येत आहे.

मी मोबाइल हातात धरून बसले. आयुष्यभर मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं. बाहेरून वर्ग कसा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं: आत सगळे मजेत असतात.

मी हसत होते, पण सासूबाई हसत नव्हत्या. त्यांनी एकच विचारलं, की त्यांना आपण चोर वाटलो का. मी सांगितलं, की हल्ली लोकांना फार फसवतात, त्यात त्यांची चूक नाही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मी टीव्ही लावला, तर त्या खुर्ची गॅलरीकडे वळवून बसल्या होत्या. पाठीमागे पाण्याची धार ऐकू येत होती. त्या वळल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच. व्यायामाची वेळ झाली तरी गुडघा हलला नाही.

"अहो आई, तो बघा, कारंजं धुतोय," मी म्हटलं.

"ज्याचं खाल्लं त्याला दिलं नाही," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "आता कोणत्या तोंडाने बघू?"

मी शिक्षिका आहे, वाद घालणं माझा धर्म. फुकट बघणं ही मुळी चोरी नाही, मग भेट मिळालेलं बघणं चोरी कशी, इथपासून सुरुवात करून मी बरंच बोलले. पाठमोऱ्या माणसाशी वाद घालून बघा. यजमानांनी संध्याकाळी डबा उघडून एक बिबडी घेतली, तर त्यांना पुन्हा झाकण लावायला सांगण्यात आलं. ती दुसऱ्याची होती.

महिन्याचे चार दिवस उरले तेव्हा मी ठरवलं, की निदान मांजरवाल्याची खाजगीत माफी मागावी. त्याच्या मांजरीच्या चित्रावर बोट ठेवलं, आणि त्याचं स्वतःचं चॅनेल उघडलं. मला हे ठाऊकच नव्हतं, की मांजरीलाही चॅनेल असतं. तो त्या क्षणी खेळत होता. तोच खेळ, तीच धार, एका जुनाट घराची भिंत. तो स्वतःशीच हळूहळू बोलत होता, आता इथे मारू, आता तिथे मारू. खाली प्रेक्षकांचा आकडा होता. मी चष्मा लावून परत बघितलं. मी आले म्हणून तो शून्याचा एक झाला होता.

मी ते टीव्हीवर लावलं आणि आवाज मोठा केला. हा आवाज पाणीवाल्याचा नाही, हे सासूबाईंना पाठमोऱ्यानेही कळलं. कोण आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मांजरवाला. तोही धुतो. बघायला कुणी नाही.

खुर्ची वळायला वेळ लागला, कारण त्यांनी मला मदत करू दिली नाही.

अर्धा तास त्या बघत होत्या. या माणसाला घाई नव्हती. वरून खाली येत होता, ओळीने. सासूबाईंचा चेहरा मी ओळखते; ठेकेदाराकडे द्यायला निघालेली साडी शेवटची झटकतात तेव्हा असतो तसा. मग भिंत संपली, आणि टिंग झालं नाही. त्याने परत सगळी भिंत मारली. नाही. तो थकून म्हणाला, "छोड़ो, वैसे भी कौन देख रहा है."

"लिही," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीच्या वर, छज्ज्याच्या खालच्या अंगाला."

इथे लिहायला कुणाची मनाई नव्हती. ज्याच्याकडे सभासदच नाहीत, तो सभासदांपुरतं कसं ठेवणार? मी लिहिलं. धार थबकली. खिडकीच्या वर गेली, छज्ज्याच्या खाली वळली. टिंग.

त्याने धार बंद केली. मग म्हणाला, "आंटी जी? आप वो पापड़ वाली हैं?"

मी हो लिहिलं. तो हसायला लागला, मग त्याने माफी मागितली, मग आम्ही मागितली. तो सांगू लागला, की त्याच्याकडे कुणी येत नाही म्हणून त्याने मोठ्या चॅनेलवर त्या पाच भेटी वाटल्या होत्या. वाटलं, पाचांतलं एखादं तरी बघायला येईल, की हे देणारं मांजर कोण. कुणी आलं नाही. मी हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या पदराने चष्मा पुसत होत्या.

"त्याला म्हणावं, उशीर झाला," त्या म्हणाल्या. "तुझं भांडं आमच्याकडे राहून गेलं होतं."

मी ते हिंदीत जसंच्या तसं लिहिलं. कौन सा बर्तन, त्याने विचारलं. मी समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. सासूबाईंनी बिबड्यांच्या डब्याकडे हात केला आणि तोवर घरी आलेल्या यजमानांना म्हणाल्या, तळायला काढ रे, आता त्या आपल्या.

तेव्हापासून आमचं वेळापत्रक बदललं. अडीच ते चार पाणीवाला, साडेचारला मांजरवाला. महिना संपला, बिल्ला गेला, मी पुन्हा फ्री वाले दोस्त झाले आणि पाणीवाल्याचे कोपरे पुन्हा राहू लागले. सासूबाईंना त्याचं फारसं वाटत नाही. त्याच्याकडे माणसं आहेत, त्या म्हणतात. मांजरवाल्याकडे त्या एक दिवस चुकवत नाहीत. फिजिओथेरपीची वेळ त्यांनी बदलून घेतली. इथे जाहिरातीसुद्धा नाहीत, कारण एका प्रेक्षकाला कर्ज द्यायला कुणी येत नाही. व्यायाम त्या आता धार चालू असतानाच करतात.

मागच्या आठवड्यात यजमान टीव्हीसमोर आले आणि आकडा बघून म्हणाले, अजून एकच? मी माझ्या मोबाइलवरूनही ते लावलं, म्हणजे दोन झाले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून खिशातून आपला फोन काढला, बराच वेळ काहीतरी शोधलं, आणि आकडा तीनवर गेला.

मांजरवाल्याने तो बघितला. त्याने पाइप खाली ठेवला, घसा साफ केला, आणि उपस्थित सर्व प्रेक्षकांचं आपल्या परिवारात मनःपूर्वक स्वागत करून या वाटचालीबद्दल दोन शब्द बोलायला सुरुवात केली. मी कपाळाला हात लावला. सत्काराला तीन माणसं पुरतात, हे मला माहीत असायला हवं होतं.

"लिही त्याला," सासूबाई म्हणाल्या, "भाषण मग कर. पायरीचा कोपरा राहिलाय."